भावी शिक्षकांच्या लेखी वारसा म्हणजे केवळ गडकोट?

धागाकर्ती: मी अध्यापक विद्यालयात शिकवते. ‘सांस्कृतिक वारसा’ या विषयावर पाठ टाचण (पाठाचा लेखी आराखडा) लिहायला सांगितले की बहुतेक छात्राध्यापकांची वही रायगडापासून सुरू होते आणि अजिंठा-वेरूळला संपते. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेल्यापासून हा समज अधिकच पक्का झाला आहे. डहाणूकडच्या एका छात्राध्यापिकेने तक्त्यावर तारपा नाच सुरेख रंगवला. परंतु घरातल्या लग्नात गेरूने सारवलेल्या भिंतीवर सवाष्णी तांदळाच्या पिठाने पालघट देवीचा चौक (वारल्यांचे लग्नातले भित्तिचित्र) लिहितात आणि धवलेरी, म्हणजे लग्नविधी करणारी स्त्री, गाणी म्हणते, हे टाचणात घ्यावे असे तिला वाटले नाही. युनेस्कोच्या २००३ च्या कराराने मौखिक परंपरा, विधी आणि कारागिरी यांनाही वारसा मानले आहे. आमच्या वर्गांपर्यंत मात्र तो अजून पोहोचलेला दिसत नाही.

सह्यवेडा: असहमत. त्या १२ किल्ल्यांत तमिळनाडूतील जिंजी का आहे, हे किती छात्राध्यापकांना सांगता येईल? राजाराम महाराजांनी तिथून राज्य चालवले, हा संदर्भ त्यांना ठाऊक नसतो. माची आणि बालेकिल्ला यांतला फरक विचारला तरी वर्ग गप्प बसतो. गडकोटांचीच समज इतकी वरवरची असताना व्याप्ती वाढवली, तर तक्त्यांची संख्या तेवढी वाढेल.

खडूफळा: ताई, माझा आक्षेप वेगळा आहे. जिवंत परंपरा वर्गात आणायच्या, तर अंगावर कोरडे ओढून घेणारा, मरीआईचा भक्त पोतराजही त्यात येतो, आणि त्याच घरातले मूल कदाचित पहिल्या बाकावर बसलेले असते. त्याच्यासमोर शिक्षकाने ‘आपला समृद्ध वारसा’ म्हणायचे का? संविधानाचे कलम ५१क वारशाचे जतन सांगते, तसेच विज्ञाननिष्ठ दृष्टिकोन आणि सुधारणावादही सांगते. आपल्या प्रशिक्षणात पहिले कर्तव्य घोकून घेतले जाते, दुसरे क्वचितच आठवते.

धागाकर्ती: हा प्रश्न टाळता येणार नाही, म्हणूनच तो प्रशिक्षणात सोडवून घ्यायला हवा. पोतराजाविषयी शिकवताना ती प्रथा कोणाच्या वाट्याला आली आणि का, हे शिक्षकाने सांगावे. गौरव करणे हे त्याचे काम नव्हे. सह्यवेडा, हाच प्रश्न गडालाही लागू आहे: तट कोणी बांधले, घेऱ्यात (गडाभोवतीच्या परिसरात) कोण राहत होते?

सह्यवेडा: तो प्रश्न मान्य आहे. मात्र एका तासिकेच्या सराव पाठात हे बसवायचे कसे, याचे एखादे टाचण आपण इथे द्यावे. नाहीतर निरीक्षक पुन्हा तक्त्यालाच गुण देतील.