अब्बाच्या ‘अरायव्हल’ची एलपी जुन्या बाजारात दिसली, घ्यावी का?

पेठेतली नवखी

नमस्कार. गेल्या रविवारी पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात पितळी समया आणि बंद पडलेली घड्याळे यांच्या शेजारी मांडलेल्या रेकॉर्डच्या गठ्ठ्यात मला अब्बा या स्वीडिश गटाची ‘अरायव्हल’ ही एलपी दिसली. माझ्या आत्याकडे हा अल्बम कॅसेटवर होता आणि मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही आतेमामेभावंडांनी तो इतका वाजवला की शेवटी फीत टेपरेकॉर्डरमध्ये गुंतून तुटली. दिवाळीत टर्नटेबल घेतल्यापासून हाच अल्बम तबकडीवर मिळावा असे मनात होते. पण विक्रेत्याने तीन हजार रुपये सांगितले आणि मी हात आखडता घेतला.

शंका अशा आहेत. मुखपृष्ठावर हेलिकॉप्टरच्या काचेच्या घुमटात बसलेले चौघे आहेत, परंतु गटाच्या नावातला पहिला ‘बी’ उलटा छापलेला आहे. नक्कल करणाऱ्याची ही चूक असेल का? दुसरे असे की कव्हरवर ‘एपिक’ या कंपनीचे नाव आणि ‘ईपीसी ८६०१८’ असा क्रमांक आहे, तर आतल्या तबकडीच्या लेबलावर ‘आरसीए’ असे छापले आहे. कव्हरच्या मागे दहा गाणी दिली आहेत. दोन्ही बाजूंच्या लेबलांवरची गाणी मोजली तर ती अकरा भरतात आणि अकरावे ‘फर्नांडो’ आहे. लेबलावर १९७६ हे साल स्पष्ट दिसते. शिवाय ‘डान्सिंग क्वीन’ ज्या बाजूला आहे, त्या बाजूवर काठापासून साधारण दोन बोटे आत येणारा एक चरा आहे. ही प्रत मूळ समजावी का, आणि तीन हजार देण्याजोगी आहे का?

तेहतीस आणि एक तृतीयांश

उलट्या ‘बी’ची काळजी सर्वांत आधी सोडून द्या, कारण ती चूक नसून गटाची निशाणी आहे. रुने सॉडरक्विस्ट या स्वीडिश संकल्पनाकाराने ती केली, ऑगस्ट १९७६ मध्ये ‘डान्सिंग क्वीन’च्या सिंगलवर ती प्रथम आली आणि पुढच्या सगळ्या मूळ अल्बमांवर ती कायम राहिली. ‘अरायव्हल’ त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये निघाला, त्यामुळे त्याच्या कव्हरवर दोन्ही ‘बी’ सरळ असते तर मी अधिक साशंक झालो असतो.

खरी गंमत तुमच्या दुसऱ्या निरीक्षणात आहे, आणि पहिल्याच खेपेला तुम्ही गाणी मोजलीत याबद्दल तुमचे कौतुक केले पाहिजे. वीस वर्षे रेकॉर्ड जमवणारी माणसेही लेबल वाचत नाहीत. अब्बाची स्वतःची कंपनी म्हणजे त्यांचे व्यवस्थापक स्टिग अँडरसन यांची स्टॉकहोममधली ‘पोलार’. स्वीडनमधील मूळ ‘अरायव्हल’ पोलारच्या ‘पीओएलएस २७२’ या क्रमांकाची आहे. देशाबाहेर मात्र पोलारने प्रत्येक ठिकाणी वेगळ्या कंपनीला हक्क दिले: ब्रिटनमध्ये एपिक, अमेरिकेत अटलांटिक, जर्मनीत पॉलिडोर आणि ऑस्ट्रेलियात आरसीए. ‘फर्नांडो’ हे गाणे स्वीडिश आणि ब्रिटिश ‘अरायव्हल’मध्ये नाहीच, ते घातले गेले ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या आवृत्त्यांमध्ये. ऑस्ट्रेलियात ते गाणे १९७६ मध्ये चौदा आठवडे पहिल्या क्रमांकावर होते, तेव्हा तिथल्या ग्राहकाला त्याच वर्षीचा अल्बम त्या गाण्याशिवाय विकणे कोणत्याही व्यापाऱ्याच्या जिवावर आले असते.

याचा अर्थ तुमच्या हातात एक रेकॉर्ड नसून दोन रेकॉर्डचे अर्धे-अर्धे भाग आहेत: कव्हर ब्रिटिश आहे आणि तबकडी त्या दूरच्या दक्षिणेकडची. लेबलाच्या काठाने बारीक अक्षरांत देशाचे नाव सापडण्याची शक्यता आहे, ते पाहा. १९७६ या सालावर मात्र फार विसंबू नका, कारण ‘पी’ अक्षराच्या वर्तुळाशेजारचे साल ध्वनिमुद्रणाच्या हक्काचे असते. दहा वर्षांनी काढलेल्या प्रतीवरही तेच राहते. प्रत केव्हाची हे शोधायचे असेल तर शेवटचे गाणे संपल्यावर लेबलापर्यंत जी गुळगुळीत पट्टी उरते, तिच्यावर कोरलेले आकडे आणि अक्षरे टिपून घ्या. ती साच्याची ओळख असते. तिरप्या उजेडात धरल्याशिवाय ती दिसत नाहीत, आणि फोनच्या कॅमेऱ्यात ती नीट टिपणे अवघड जाते. कागद-पेन्सिल घेऊन जा.

कर्वेरोडकर

वरील प्रतिसादात सांगितलेले सर्व योग्य आहे, पण ताईंनी विचारलेला चऱ्याचा आणि किमतीचा प्रश्न त्यात मागे पडला आहे. मी स्वतः लेबलापेक्षा खाचांना मान देणारा माणूस आहे, म्हणून तेवढ्यापुरते लिहितो.

एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद लागतात. आडवा चरा सुईला लागत असेल तर दर १.८ सेकंदांनी एक ‘टक्’ ऐकू येईल, आणि दोन बोटे रुंदीच्या पट्ट्यात सहज सहा-सात मिनिटांचे संगीत मावते. म्हणजे दोनशेहून अधिक वेळा टकटक. गाण्यांच्या मधल्या काळ्या रेघा मोजल्या की चरा नेमका कोणत्या गाण्यावरून जातो हे तिथेच कळेल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे विक्रेत्याची परवानगी घेऊन चऱ्यावरून नखाची कड अगदी हलकेच आडवी फिरवा. नख अडकले तर सुईही अडकेल. नख सहज सरकून गेले तर ती वरवरची रेघ आहे, आणि ऐकताना ती बहुधा जाणवणारही नाही.

नुसत्या चऱ्यांवर मात्र थांबू नका, कारण अब्बाच्या रेकॉर्ड बहुतेक वेळा चऱ्यांनी नव्हे, झिजेने वाया गेलेल्या असतात. त्यांचे ध्वनिमुद्रक मायकल ट्रेटो आवाजावर आवाज चढवत, आणि दुसऱ्यांदा मुद्रित करताना टेपचा वेग किंचित बदलत, जेणेकरून दोन बायकांचा आवाज एखाद्या मोठ्या समूहासारखा भरदार व्हावा. असे दाट ध्वनिमुद्रण ताज्या खाचेत फार सुंदर वाजते. पण जड सुईने शंभर वेळा खरवडलेल्या खाचेत ‘स’ आणि ‘श’ फुटतात आणि आग्नेथा व फ्रीडा या दोन्ही गायिकांचे स्वर एकत्र चढतात तिथे खरखर येते. आपल्याकडच्या फिएस्टासारख्या जुन्या सुटकेस प्लेअरांवर पाचसहा ग्रॅम भाराने वाजलेल्या प्रती मी पुष्कळ पाहिल्या आहेत. आजच्या साध्या कार्ट्रिजला, म्हणजे सुई बसवलेल्या तुकड्याला, दीड ते दोन ग्रॅम पुरतात. सुई आत सरकते तशी ही झीज अधिक ऐकू येते, कारण फेऱ्याचा वेळ तोच राहतो आणि परीघ कमी होतो: काठाशी सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, तर लेबलाजवळ जेमतेम २१. म्हणून कोणी ऐकवायला तयार असेल तर पहिले गाणे नव्हे, बाजूचे शेवटचे गाणे ऐका. ऐकण्याची सोय नसेल तर मधल्या भोकाभोवती पाहा. तिथे लेबलावर टर्नटेबलच्या मधल्या दांड्याने ओढलेल्या पांढुरक्या रेघांचे जाळे असेल तर ती प्रत घरात खूप लाडकी होती असे समजावे.

किमतीबद्दल माझे मत परखड आहे. ‘अरायव्हल’ दुर्मीळ नाही. १९७७ मध्ये ब्रिटनमध्ये सर्वाधिक खपलेला अल्बम हाच होता, आणि असे अल्बम जगभरच्या माळ्यांवर पडून आहेत. अब्बाच्या संग्रहात दुर्मीळ म्हणावे असे काही पाहायचे असेल तर स्टिग अँडरसन यांच्या पन्नासाव्या वाढदिवसानिमित्त १९८१ मध्ये लाल व्हिनाइलवर काढलेली ‘होवास व्हित्ने’ आहे. तिच्या फक्त २०० प्रती निघाल्या. ‘अरायव्हल’साठी, तीही दुसऱ्याच्या कव्हरमधली असताना, तीन हजार देऊ नयेत. निम्म्यावर या आणि मग सावकाश वर चढा.

माळ्यावरचा खोका

दोघांनीही घेण्याविषयी लिहिले. मी घेतल्यानंतरचे थोडक्यात सांगतो, कारण त्याची किंमत मी मोजली आहे. मी माझ्या सत्तरेक एलपी प्लॅस्टिकच्या जाड, मऊ पाकिटांत घालून माळ्यावर आडव्या रचल्या होत्या. दोन पावसाळ्यांनंतर काढल्या तेव्हा तळच्या रेकॉर्ड बशीसारख्या वाकल्या होत्या आणि कित्येकांच्या पृष्ठभागावर दुधट धुके चढले होते. ते धुके बुरशी समजून मी पुसत बसलो. बुरशी निघाली, धुके निघाले नाही. ती पाकिटे पीव्हीसीची होती, आणि पीव्हीसी मऊ ठेवण्यासाठी त्यात घातलेले द्रव्य हळूहळू बाहेर येऊन तबकडीला लागते. तेव्हा पाकीट साध्या पॉलिथिनचे घ्यावे, आत कागदी पाकीट असावे, आणि रेकॉर्ड नेहमी पुस्तकासारखी उभी ठेवावी. पुण्यातल्या जुन्या वाड्यांच्या आणि तळमजल्यांच्या ओलाव्यात बाहेरच्या भिंतीला टेकलेले कपाट तर मुळीच नको.

धुण्यासाठी डिस्टिल्ड वॉटर आणि भांड्यांच्या सौम्य साबणाचा एखादा थेंब पुरतो. लेबल कोरडे ठेवून खाचांच्या दिशेने गोल पुसावे. कोणी अल्कोहोल सुचवले तर ते आजोबांच्या ७८ फेऱ्यांच्या जुन्या लाखेच्या रेकॉर्डना चुकूनही लावू नका, लाख त्यात विरघळते.

जाता जाता एक अंदाज. ऑस्ट्रेलियाची तबकडी पुण्याच्या जुन्या बाजारात कशी आली, हे कोडे तितकेसे अवघड नसावे. १९७४ पासून कोरेगाव पार्कातल्या रजनीशांच्या आश्रमात जगभरची तरुण मंडळी येऊन राहत होती, आणि परत जाताना त्यांतल्या कोणी सामान हलके केले असेल तर त्यात अब्बा असणे स्वाभाविक आहे.

पेठेतली नवखी

सर्वांचे मनापासून आभार. काल रविवारी कागद, पेन्सिल आणि मोबाइलचा टॉर्च घेऊन पुन्हा गेले. तबकडी अजून तिथेच होती. लेबलाच्या काठावर ऑस्ट्रेलियाचे नाव सापडले, आणि आतल्या कागदी पाकिटाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेली डॉलरमधली किंमतही अर्धवट पुसलेल्या स्थितीत दिसली, त्यामुळे न्यूझीलंडचा प्रश्न निकालात निघाला. कोरेगाव पार्काचा अंदाज मात्र पडताळता आला नाही. विक्रेत्याला तो गठ्ठा कॅम्पातल्या एका बंद होणाऱ्या घरातून भंगाराबरोबर मिळाला एवढेच ठाऊक आहे.

चरा पहिल्या दोन गाण्यांवरून जातो. नख कुठेही अडकले नाही. भोकाभोवती रेघा आहेत, पण जाळे म्हणावे इतक्या नाहीत. पंधराशेपासून सुरुवात केली आणि अठराशेला सौदा झाला. घरी धुऊन वाजवली तेव्हा पहिल्या गाण्यात सात-आठ बारीक टकटक आल्या, ‘डान्सिंग क्वीन’मध्ये त्याहून कमी, आणि शेवटच्या गाण्यापर्यंत आवाज स्वच्छ राहिला.

पैसे देताना मी सहज म्हटले की ही तबकडी या कव्हरची नाही. त्यावर विक्रेता जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “ताई, हेच हेलिकॉप्टरचे चित्र असलेले आणखी एक कव्हर घरी आहे, त्यातसुद्धा रेकॉर्ड आहे, दोन्ही एकदम पुसायला काढली होती.” बुधवारी तो ते घेऊन येणार आहे. त्या कव्हरच्या मागे अकरा गाणी असतील, तर अदलाबदलीचे वेगळे पैसे द्यावेत का?

कर्वेरोडकर

अदलाबदलीचे पैसे देऊ नयेत. मात्र दुसऱ्या कव्हरमधली तबकडीही तिथेच उजेडात धरून पाहा. ती एपिकची आणि कमी झिजलेली निघाली, तर मला लगेच कळवा, मी बुधवारी साडेदहाला तिथे येऊ शकतो.