पचीसीचं दान: १ ते ७ रँडम नको

गेमच्या फोंड्याच्या वाड्याच्या लेव्हलमध्ये, राजांगणातल्या (मधल्या चौकातल्या) पचीसीच्या पटावर कवड्यांचं दान पाडायला १ ते ७ मधला एक आकडा रँडम काढला की झालं, असं तुम्ही सुचवलंय. तिथेच खेळ बिघडेल. सहा कवड्या सुट्या पडतात, म्हणून प्रत्येकीसाठी वेगळा ० किंवा १ काढा आणि उताण्या मोजा. प्रचलित नियमात सगळ्या पालथ्या म्हणजे २५, एकच उताणी म्हणजे १०, पुढे जितक्या उताण्या तितकं दान. पंचवीस मग सरासरी ६४ फेकींत एकदा पडतं. तुमच्या पद्धतीत दर सातव्या फेकीला पडेल, आणि मोठं दान पडून मारलेली सोंगटी लगेच परत येत असेल, तर ती मारली गेल्याची धास्ती कुणाला राहणार!

खरी कवडी काही नाण्यासारखी निम्मी-निम्मी पडत नाही, तेव्हा कवडी उताणी पडण्याची शक्यता ०.५ अशी कोडमध्ये पक्की न करता सेटिंगमध्ये ठेवा. दानाचा तक्ताही वेगळ्या फाइलीत असू द्या, घरागणिक नियम बदलतात.