मदत हवी आहे: ईस्टरच्या ब्रंचला श्रीखंड नेऊ का?

नमस्कार मंडळी, मी जर्मनीत बॉनला असते. यंदा ईस्टर ५ एप्रिलला, गुड फ्रायडे आणि ईस्टर मंडे धरून सलग ४ दिवस सुट्टी. सोमवारी ऑफिसातले आम्ही सगळे एका सहकारी ताईंच्या घरी जमणार आणि मग जुन्या गावातल्या गल्ल्यांत चेरीचा बहर आलाय का ते बघायला जाणार. प्रत्येकाने एक पदार्थ आणायचाय.

गेल्या वर्षी त्यांनी अंड्यावर पार्सलीचं पान ठेवून वर जुना मोजा घट्ट बांधला आणि कांद्याच्या सालींच्या पाण्यात उकडलं. सोडवल्यावर विटकरी रंगावर पानाची पांढरी नक्षी! मला शिकवताना त्यांनी माझा हात धरून गाठ मारून घेतली. म्हणून या वेळी आपल्याकडचं काहीतरी मनापासून न्यायचंय.

इथल्या क्वार्कचं (चक्क्यासारखं मऊ, ताजं चीज) श्रीखंड करायचं ठरवलंय. क्वार्क फडक्यात किती तास टांगून ठेवू? पुऱ्या आदल्या रात्री तळल्या तर चिवट होतील, मग सोबत काय नेऊ? रविवार-सोमवार दुकानं बंद, त्यामुळे सगळं सामान शनिवारीच आणावं लागेल. कुणी केलं असेल तर नक्की सांगा.