सातवीच्या मुलांना ध्येय ठरवायला आणि पाळायला शिकवायचं कसं?

वर्गशिक्षिका_सातवी

नमस्कार सगळ्यांना. यंदा सातवीचा वर्ग माझ्याकडे आहे, 38 मुलं. वर्ष सुरू झालं तेव्हा मोठ्या उत्साहाने एक तास घेतला, प्रत्येकाला रंगीत कागद दिला, "या वर्षीचं माझं ध्येय" असं वर लिहायला लावलं आणि सगळे कागद मागच्या भिंतीवर लावले. परवा एका मुलीला सहज विचारलं, तुझं ध्येय काय होतं गं? तर ती मान वळवून भिंतीकडे बघायला लागली, स्वतःचा कागद शोधायला लागली, आणि तिला तो सापडेना. मला तिचा राग नाही आला पण खूप वाईट वाटलं, कारण म्हणजे तो कागद तिचा कधी झालाच नव्हता.

बाकीच्या कागदांवर काय आहे तर "90 टक्के मिळवणार", "रोज अभ्यास करणार", "मोबाईल कमी करणार". निम्म्यांनी शेजारच्याचं बघून लिहिलंय. आणि रोजचं चित्र असं की वही घरी राहिली, प्रोजेक्ट आदल्या रात्री उरकला, परीक्षा जवळ आली की रडारड. मुलं वाईट नाहीत हो, हुशार आहेत, पण स्वतःचं स्वतः सांभाळणं जमत नाहीये आणि आपण ते कधी शिकवलंच नाही असं मला वाटतं.

माझ्याकडे आठवड्यातून एक तास आहे, 35 मिनिटांचा. सुरुवात कुठून करू? स्टार, बक्षीस वगैरे ठेवू का? आणि पालकांना यात किती घ्यायचं? ज्यांनी प्रत्यक्ष वर्गात केलंय त्यांनी प्लीज सांगा.

जुना_मास्तर

मॅडम, मी 22 वर्षं पाचवी ते आठवी शिकवतोय आणि माझं मत असं झालंय की ध्येय हा पहिला धडा नाहीच. पहिला धडा अंदाजाचा. ज्या मुलाला आपल्याला नकाशा काढायला किती वेळ लागतो हेच माहीत नाही तो वर्षाचं काय ठरवणार?

मी काय करतो ते सांगतो. वहीच्या शेवटच्या पानावर तीन रकाने आखायला लावतो. काय करायचंय, किती वेळ लागेल असं वाटतं, खरा किती लागला. बस. दोन आठवडे फक्त एवढंच, रोज एकच काम, मार्क नाहीत, ओरडणं नाही. मागे एका मुलाने लिहिलं होतं "भूगोलाचा नकाशा, 15 मिनिटं" आणि तिसऱ्या रकान्यात 1 तास 10 मिनिटं, आणि त्याच्या बाजूला अगदी बारीक अक्षरात "पेन्सिल शोधण्यात 20". मी पुढचा अख्खा तास त्या "पेन्सिल शोधण्यात 20" वर घेतला, त्याचं नाव न सांगता. म्हटलं, ही 20 मिनिटं कोणाकोणाची जातात? जवळजवळ सगळे हात वर. मग कोणी म्हणालं कंपास रात्रीच भरून ठेवायची, कोणी म्हणालं दोन पेन्सिली ठेवायच्या. आता हे ध्येयच झालं ना, पण मी तो शब्द वापरलाच नव्हता.

मुलांना एक गोष्ट आवर्जून सांगा, मोठ्यांचा अंदाजही असाच चुकतो. मानसशास्त्रज्ञ कानेमन आणि ट्वर्स्की यांनी 1979 मध्ये यावर लिहिलंय, आपण कामाला लागणारा वेळ नेहमी कमी धरतो. 1994 च्या एका अभ्यासात कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना विचारलं होतं की प्रबंध कधी पूर्ण होईल, त्यांनी सरासरी 34 दिवस सांगितले आणि प्रत्यक्षात साधारण 55 लागले. हे ऐकलं की वर्गातल्या ढिल्या मुलांच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसते ती बघण्यासारखी असते. आपण आळशी आहोत असं त्यांना कायम सांगितलेलं असतं, इथे पहिल्यांदा कोणीतरी सांगतं की हा मोजायचा प्रश्न आहे आणि मोजता येतो.

गणिताचा_तास

मास्तरांशी सहमत, पण दोन आठवड्यांनंतर ध्येयावर यावंच लागतं, नाहीतर मुलं नुसतं मोजत बसतात.

"90 टक्के" मध्ये अडचण अशी आहे की ते मुलाच्या हातात नाही. पेपर कसा निघेल, कोण तपासेल, काहीच त्याच्या हातात नाही, त्यामुळे आज संध्याकाळी बसून नेमकं काय करायचं हे त्या आकड्यातून कळत नाही. मी मुलांना ते वाक्य बदलायला लावतो. "गणितात 90" चं होतं "प्रत्येक चाचणीचा पेपर मिळाल्यावर चुकलेली गणितं दोन दिवसांत परत सोडवीन". 90 चं स्वप्न मनात राहू दे, ते मी पुसत नाही, पण वहीत दुसरं वाक्य लिहायचं.

आणि तुकडे पाडायचे. बान्डुरा आणि शंक या मानसशास्त्रज्ञांचा 1981 चा प्रयोग मला फार आवडतो. वजाबाकीत मागे पडलेली मुलं, 42 पानांचं काम, सात बैठका. काहींना सांगितलं सातव्या बैठकीपर्यंत सगळं संपवा, काहींना सांगितलं प्रत्येक बैठकीत सहा पानं करा. काम तेच, पानं तीच, पण रोजच्या सहा पानांवाली मुलं शिकली जास्त आणि आपल्याला हे जमतं असा विश्वासही त्यांचाच वाढला. म्हणून माझ्या वर्गात ध्येयाची मुदत एक आठवडा, त्याहून लांब नाही.

तिसरं म्हणजे जर-तर. मानसशास्त्रज्ञ गोलविट्झर यांनी हे नीट मांडलंय, नुसतं "मी करीन" म्हणण्यापेक्षा "जर असं झालं तर मी असं करीन" हे आधीच ठरवून ठेवलं की ते घडण्याची शक्यता वाढते. मुलांना हे शिकवताना पहिल्या दिवशी हमखास असलं वाक्य येतं: "जर कंटाळा आला तर मी कंटाळा करणार नाही". ही योजना नाही, ही शपथ झाली! तर च्या पुढे हातापायाने करायची गोष्ट पाहिजे. "जर कंटाळा आला तर मी उभा राहून पुढचं गणित मोठ्याने वाचीन." "जर मित्राचा मेसेज आला तर फोन पालथा ठेवून हा धडा संपवीन आणि मग बघीन." हा फरक कळायला एक तास पूर्ण जातो, जाऊ द्या, तो वसूल आहे.

ते स्मार्ट (SMART) ध्येयाचे तक्ते मिळतात ना, ध्येय नेमकं, मोजता येणारं, मुदतीचं वगैरे असावं असं सांगणारे, पाच इंग्रजी अक्षरांचे, त्याबद्दल माझं वेगळं मत आहे. ती पद्धत डोरन यांनी 1981 मध्ये मॅनेजर लोकांसाठी मांडली होती. बारा वर्षांच्या मुलाला पाच अक्षरं पाठ करायला लावली की तो तास पाठांतराचा होतो.

समुपदेशक_ताई

बक्षिसाबद्दल बोलते. 1973 मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. ज्यांना चित्र काढायला मुळातच आवडायचं अशा मुलांना आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर प्रमाणपत्र मिळेल, आणि नंतर बघितलं तर मोकळ्या वेळात तीच मुलं चित्राकडे कमी वळली. ज्यांना न सांगता अचानक दिलं त्यांचं तसं झालं नाही. म्हणून मी स्टारचा तक्ता लावत नाही, पण एखाद्याने मनापासून काही केलं तर दोन ओळींची चिठ्ठी त्याच्या वहीत ठेवते. "मंगळवारी चिडला होतास तरी परत येऊन बसलास, मी पाहिलं" अशी.

आणि भिंत नको ताई. या वयात सगळ्यांसमोर आपलं कच्चं मांडणं फार जड जातं, मग मुलं सगळ्यांना आवडेल असंच लिहितात आणि तुमच्या भिंतीवर तेच झालंय. ध्येय वहीत राहू दे, बंद वहीत.

अजून एक, स्वतःला सांभाळणं म्हणजे फक्त वेळापत्रक नाही. राग आला, पेपरात कमी पडले, मैत्रिणीने बोलणं सोडलं, अशा दिवशी स्वतःला परत जागेवर कसं आणायचं हाही त्याचाच भाग आहे आणि माझ्या मते मोठा भाग आहे. मुलांना विचारा, वाईट दिवस गेला की तुला बरं कशाने वाटतं? खूप मुलांकडे उत्तरच नसतं. त्यांच्यासाठी तेच पहिलं ध्येय. शिवाय मेंदूचा पुढचा भाग, जो योजना आखतो आणि आवर घालतो, तो पंचविशीपर्यंत घडत असतो. त्यामुळे या मुलांना आठवण, चिठ्ठी, यादी, मोठ्या माणसाचा शब्द असा आधार लागणारच, त्याला कमीपणा मानू नका.

झोपेचंही बघा. सहा ते बारा वर्षांपर्यंत 9 ते 12 तास आणि तेरा ते अठरा वर्षांपर्यंत 8 ते 10 तास झोप हवी. वयात येताना झोपेची वेळ आपोआप पुढे सरकते, म्हणून "पहाटे 4 ला उठणार" असं कोणी लिहिलं तर आधी विचारा, झोपतोस किती वाजता?

आठवीतल्या_मुलाची_आई

मी शिक्षिका नाही पण लिहितेय. माझ्या मुलाच्या शाळेत गेल्या वर्षी असंच रकाने भरायचं काम दिलं होतं, रोज तपासायचे, भरलं नाही तर शेरा. मुलगा शनिवारी बसून आठवड्याचे सगळे आकडे एकदम भरायचा. 30 मिनिटं, 30 मिनिटं, 30 मिनिटं. मी विचारलं तर म्हणाला, आई, खरं लिहिलं तर बोलणी बसतात. एवढंच सांगायचं होतं, चांगल्या मनाने सुरू केलेली गोष्ट मुलांसाठी आणखी एक गृहपाठ होऊन बसते.

जुना_मास्तर

ताई, बरं झालं लिहिलंत. हे माझ्याकडूनही झालंय सुरुवातीच्या वर्षांत. सगळे आकडे 30 यायला लागले की समजायचं, मुलं आपल्यासाठी लिहितायत. तपासणं त्या दिवशी बंद करायचं. मी आता वह्या गोळा करत नाही, मुलं स्वतःच आठवड्याच्या तासाला उघडतात आणि त्यांना हवी ती एक ओळ मला वाचून दाखवतात. नको असेल तर नाही. आणि अंदाज चुकला तर मी फक्त विचारतो, कुठे अडलं? "का नाही केलंस" हे वाक्य मी त्या तासापुरतं तोंडातून काढत नाही, मनावर घेऊन काढत नाही.

वर्गशिक्षिका_सातवी

तीन आठवड्यांनी परत आलेय. भिंतीवरचे कागद काढून ज्याचे त्याला दिले आणि रकान्यांपासून सुरुवात केली. बहुतेक मुलं लिहितायत. एक मुलगा आहे, त्याचं पान पूर्ण कोरं, रोज. विचारलं की खाली बघतो. त्याला कसं घ्यायचं? आणि पालकांचं राहिलंच.

समुपदेशक_ताई

कोरं पान म्हणजे आळस असं धरू नका. कदाचित घरी बसायला जागा नसेल, कदाचित लहान भावंडं सांभाळत असेल, कदाचित लिहिणंच अवघड जात असेल. त्याला घरचं कामच देऊ नका. मधल्या सुट्टीच्या आधी शेजारी बसा आणि शाळेतल्याच एखाद्या गोष्टीचा अंदाज दोघं मिळून लिहा, फळ्यावरचं उतरवायला किती वेळ लागेल वगैरे. अक्षर तुमचं असलं तरी चालेल, आकडा त्याचा पाहिजे.

पालकांना लांबलचक काही सांगू नका. "झालं का?" ऐवजी "किती वेळ लागेल असं वाटतंय?" एवढं विचारा म्हणावं, आणि उत्तर ऐकून घ्या, त्यावर भाषण नको.

वर्गशिक्षिका_सातवी

केलं तसं. त्याने उतरवायला 5 मिनिटं सांगितली, लागली 17. मग म्हणाला, बाई, मला मागून फळा नीट दिसत नाही. इतके दिवस मला कळलंच नव्हतं. पुढच्या बाकावर बसवलंय, घरी डोळे तपासायला सांगितलंय.

आणि ती कागद शोधणारी मुलगी, तिने "90 टक्के" खोडून खाली लिहिलंय: "विज्ञानाची वही सोमवार आणि गुरुवारसाठी आदल्या रात्रीच दप्तरात. जर जेवून झालं तर लगेच भरीन." पाचांपैकी तीनदा आणली. दोनदा कुठे अडलं ते सोमवारी विचारणार आहे.

आता एकच, 38 जणांशी असं एकेकटं बोलायचं कसं बसवता तुम्ही सगळे?

गणिताचा_तास

रोज दोघं, हजेरीनंतर बाकीचे वाचत असताना, प्रत्येकी तीन मिनिटं. यादी हजेरीच्या क्रमाने नाही, चिठ्ठ्या काढून. शाळेच्या 19 दिवसांत सगळे होतात. गैरहजर राहतात त्यांची चिठ्ठी परत डब्यात.