कोयंडा, मुडदुशी, ठसठस... बोलताना हसू येणारे शब्द, तुमचे अनुभव लिहा

रविवारी आमच्या बाथरूमच्या दाराची कडी लागेना. नवरा पाना-पक्कड घेऊन बसला आणि आतून ओरडला, "अगं, कोयंडाच वाकलाय!" झालं. सात वर्षांची कन्या सोफ्यावर लोळत होती ती हसत हसत खाली घरंगळली. तिला वाटलं कोयंडा म्हणजे कोल्हा आणि गेंडा यांचं पिल्लू आणि ते आमच्या बाथरूममध्ये वाकून बसलंय. मी समजावून सांगायला गेले, तर चौथ्यांदा कोयंडा म्हणताना मलाच फिस्सकन हसू आलं. गिरगावात चाळीत वाढले मी, आजी रात्री "कडीकोयंडा नीट लावलास ना गं" विचारल्याशिवाय आडवी व्हायची नाही, तेव्हा कधी काही वाटलं नव्हतं. आता मुलुंडच्या फ्लॅटला लॅच, त्यामुळे शब्दच घराबाहेर गेला.

तर असे शब्द सांगा. अर्थ विनोदी नसला तरी चालेल, तोंडात घोळवायला मजा आली पाहिजे. आणि कुठे, कोणामुळे लक्षात आला तेही लिहा, नुसती यादी नको.

*

माझं सासर वेसाव्याचं, म्हणजे तुमचं वर्सोवा. ऑफिसातली एक इंदूरची मैत्रीण हौसेने माझ्याबरोबर मासळी बाजारात आली. मी आपली एकेक टोपली दाखवत नावं सांगतेय, बोंबील, मांदेली, ढोमा, करंदी, निवट्या, तिसऱ्या, आणि ती प्रत्येक नाव परत म्हणतेय आणि खिदळतेय. चिंबोरीला तर म्हणाली की हे म्हणताना पापा घेतल्यासारखं तोंड होतं. (खरंच होतं, करून बघा, पण ट्रेनमध्ये नको.) गाडी अडली मुडदुशीवर. तिला ऐकू आलं मुर्दा. "मुर्दे वाली मछली मैं नहीं खाऊंगी यार!" मासेविकणाऱ्या मावशी भडकल्या, "अगो मेलेलीच असते सगली, जित्ती कोण खातंय?" घरी येऊन रवा लावून तळल्या, बाईने सहा खाल्ल्या. आणि बोंबलाला इंग्रजीत बॉम्बे डक म्हणतात हे सांगितल्यावर ती बराच वेळ माझ्याकडे बघतच बसली. किनाऱ्यावर बांबूला लटकवलेले ते मासे, त्यांचं बदक कुणी केलं देव जाणे.

*

डुलकी.
म्हणतानाच मान पडते. रोज डोंबिवली ते सीएसएमटी करणाऱ्याला विचारा.

*

माझा अनुभव जरा लांब आहे. आई राजापूरहून आली होती, गुडघ्यासाठी दादरला एका डॉक्टरकडे नेली. डॉक्टर तरुण, केरळचे, माणूस चांगला पण मराठी शून्य, म्हणून मी दुभाषा. आई सुरू झाली, "आधी नुसता ठणकायचा, आता ठसठसतो. पोटरीत मधेच शिणक येते. तळपायाला हुळहुळतं. आणि त्या गोळ्या घेतल्या की छातीत जळजळ, वर मळमळ." मी डॉक्टरांना म्हणालो, "शी हॅज पेन."

आईने माझ्याकडे असं बघितलं! "मी एवढं बोलले आणि तू एकच शब्द बोललास?"

मग लागलो कामाला. ठणका म्हणजे आतून कोणीतरी हातोडी मारतंय, ठसठस म्हणजे गळू पिकल्यावर होतं तसं, शिणक म्हणजे एकदम येते आणि जाते, ती चमक नव्हे, चमक पाठीत, आणि उसण भरली तर ते वेगळंच. चुरचुर डोळ्यांत, भगभग भाजल्यावर. हुळहुळला मी अडकलो. हाताने हवेत काहीतरी करून दाखवलं. डॉक्टर पेन बाजूला ठेवून ऐकत होते, मग त्यांनी आईलाच सांगितलं की परत बोला, आणि स्वतः दोनदा म्हणून बघितलं, हुळहुळ, हुळहुळ. ळ आमच्यापेक्षा स्वच्छ! मल्याळममध्ये ळ आहेच म्हणे. पंधरा दिवसांनी परत गेलो तर दारातच विचारलं, "आई, हुळहुळ कैसा है?" आईचा अर्धा गुडघा तिथेच बरा झाला. गावाला फोन करून सगळ्यांना सांगून झालंय.

*

वरच्या ळ वरून. आमच्या टीममध्ये लखनौचा एक मुलगा आहे, त्याला ळ येत नाही, ल म्हणतो. आम्ही त्याला चिंचपोकळीवर धरला. चिंच अधिक पोकळी, सोपं आहे म्हटलं. शिवाय गणपतीत तिथला चिंतामणी बघायला नेला, १९२० पासूनचं मंडळ आहे, तर गर्दीत हा पठ्ठ्या "चिंचपोकलीचा चिंतामनी" असं इतक्या भक्तिभावाने ओरडत होता की कोणी हसलं नाही. पण खरी मजा पुढे. आम्ही त्याला मळमळ शिकवलं होतं. एकदा ऑफिस पार्टीत नको इतकं खाल्लं आणि पोट धरून सगळ्यांसमोर, "मुझे मलमल हो रही है." तेव्हापासून नाव मलमल. लग्नात आम्ही त्याला मलमलचा सदरा दिला.

*

धागा छान आहे, पण हे शब्द "विनोदी" म्हणून हसण्यावारी नेऊ नका एवढीच विनंती. पार्ल्यात तीस वर्षं मराठी शिकवलं. वर्गात सगळ्यात जास्त हशा मिळवणारा शब्द एकाक्षरी, ढ. आमचे मास्तर सांगायचे की ब्राह्मी लिपीपासून बाकी अक्षरं बदलत बदलत पुढे गेली, हा ढ जवळजवळ होता तिथेच राहिला, म्हणून जो वर्षानुवर्षं त्याच वर्गात तो ढ. दुसरा शब्द अजागळ. शर्ट बाहेर, बटण तुटलेलं, त्याला आपण म्हणतो. मूळचा अर्थ शेळीच्या गळ्याशी लोंबणारे ते दोन निरुपयोगी लोंबे, अजा म्हणजे शेळी. एका विद्यार्थ्याला हे सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या वडिलांनी चिठ्ठी पाठवली, "मुलाला शेळी का म्हणालात?"

*

सर, शेळी नव्हे, शेळीचा गळा 😄

*

नागपूरची आहे, लग्न करून भांडुपला आले. पहिल्या आठवड्यात सासूबाईंनी विचारलं तुमच्याकडचं काहीतरी कर. म्हटलं डुबुकवडे करते. घरात शांतता. दीर आत जाऊन हसला ते भिंतीतून ऐकू आलं. वाटलेल्या डाळीचे गोळे उकळत्या रश्श्यात सोडायचे, पडताना डुबुक आवाज येतो, झालं नाव, यात हसण्यासारखं काय आहे? स्वतः आजारी पडले की गुरगुट्या भात खातात, ते चालतं.
आता दीर दर रविवारी फोन करतो, वहिनी डुबुक आहे का.

*

बोरिवलीतली आमची सोसायटी. पाणी कमी येतं म्हणून जनरल बॉडीची मीटिंग. सेक्रेटरी काका रिटायर्ड, आवाज भारदस्त, कधी हसलेले कोणी बघितलेले नाहीत. उभे राहिले आणि म्हणाले, "काही सभासद रात्री चोरून टुल्लू लावतात." मागच्या रांगेत एकाचा चहा नाकातून आला. काकांना कळेना काय झालं, ते अजून रागावले, "हसण्यासारखं काही नाही! प्रत्येकाने आपापला टुल्लू उद्याच्या उद्या काढून ठेवावा, नाहीतर कमिटी येऊन काढेल!" त्यानंतर मीटिंग झालीच नाही. पंपाचं नाव हो ते, बाकी काही नाही, पण इतिवृत्तात आजही आहे, "टुल्लूविषयीचा ठराव सर्वानुमते मंजूर."

*

बटाटा. सावकाश म्हणून बघा, ब-टा-टा. दिल्लीत भाजीवाल्याकडे सवयीने म्हणाले तर त्याने बाजूच्याला बोलावून परत म्हणायला लावलं. पगार, चावी, बादलीसारखाच हाही पोर्तुगीजांकडून आलेला, पण आता आपलाच.

*

धागाकर्ती परत आलेय. सगळं कन्येला वाचून दाखवलं (टुल्लू गाळून, तरी तिने शोधलंच). तिने कोयंड्याचं चित्र काढलंय, शिंग एक, शेपूट झुबकेदार, आणि पाठीला भोक, कारण त्यातून कडी जाते. बाथरूमच्या दारावर चिकटवलंय. खरा कोयंडा अजून वाकलेलाच आहे.

*

राजापूरवाला. पुढच्या आठवड्यात आईला परत न्यायचंय. ठसठसतं याला इंग्रजीत नेमकं काय म्हणतात, कोणी सांगेल का?

*

मी नर्स आहे. थ्रॉबिंग.

*

धन्यवाद ताई. आणि ठणकतं याला?

*

तेही थ्रॉबिंगच.

*

आई ऐकायची नाही.