मदत हवी आहे: बाळासोबतच्या फोटोत आम्ही दोघे पुसट येतो (परवा बारसे)

पेठेतला_बाबा: नमस्कार. परवा बारसे आहे आणि दारात लावण्यासाठी आम्हा तिघांचा फोटो छापायचा आहे. छापणाऱ्याने तो उद्या संध्याकाळपर्यंत मागितला आहे. दोन दिवस खटपट करूनही बाळ स्पष्ट येते, आमचे चेहरे मात्र पुसट येतात आणि सगळ्यांवर पिवळट झाक दिसते. कॅमेरा चांगला आहे. कृपया नेमका उपाय सांगावा. ‘फोटोग्राफर बोलवा’ हे उत्तर नको.

छायाप्रकाश: ‘कॅमेरा चांगला आहे’ एवढ्यावरून निदान होत नाही. लेन्स कोणती, ॲपर्चर (लेन्समधले उजेड आत सोडणारे छिद्र; आकडा लहान तितके छिद्र मोठे) किती, खोलीत उजेड कसला आणि बटण कोण दाबते, हे लिहावे.

कर्वेनगरची_आजी: आमच्याकडे सव्वा महिना होईपर्यंत बाळाचा फोटो काढत नसत. त्या फ्लॅशने कोवळे डोळे बिघडतात.

छायाप्रकाश: आजी, साध्या फ्लॅशने डोळ्यांना इजा होते असे सिद्ध झालेले नाही. बाळ दचकून उठते, हा खरा त्रास आहे.

पेठेतला_बाबा: फ्लॅशबद्दल मी काही विचारलेलेच नाही. असो. ५० मिमी लेन्स, ॲपर्चर १.८. वाड्यातली खोली आहे, चौकाकडे एकच खिडकी आणि बाहेर पाऊस, त्यामुळे दिवसाही पिवळा बल्ब लावावा लागतो. बाळ पत्नीच्या मांडीवर असते. मी बाळावर फोकस करतो, टायमर लावतो आणि धावत जाऊन तिच्या मागे बसतो.

छायाप्रकाश: म्हणजे फोकस ठरतो तेव्हा तुम्ही चौकटीत नसताच! तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर (चित्र टिपणारा भाग) एपीएस-सी, म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान आकाराचा असेल, तर दीड मीटरवरून १.८ ॲपर्चरला फोकसच्या पुढचा-मागचा मिळून जेमतेम ६ सेंटीमीटरचा पट्टाच स्पष्ट येतो, ५.६ केल्यास तो पट्टा साधारण १९ सेंटीमीटर होतो. तरीही मागे बसलात तर पुसटच याल. शेजारी बसा, बाळाला छातीशी उचलून घ्या आणि तिन्ही चेहरे कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर ठेवा. बल्ब बंद करून खिडकीजवळ या आणि खिडकीच्या समोरच्या बाजूला पांढरे धोतर ताणून धरा, म्हणजे सावलीतला गालही उजळेल.

मोबाइलवाला_हडपसर: एवढा खटाटोप कशाला? मोबाइलच्या लहान सेन्सरमुळे पुढचे-मागचे सगळे आपोआप स्पष्ट येते. बाळाचे हात हनुवटीखाली ठेवून त्याला बेडकासारखे बसवा, फार गोड दिसते.

छायाप्रकाश: ती बेडकाची मुद्रा कृपया घरी करू नये. तो सहसा दोन फोटोंचा जोड असतो. एकात डोके आणि दुसऱ्यात मनगटे कोणीतरी धरलेली असतात, आणि ते हात नंतर पुसून टाकतात.

कर्वेनगरची_आजी: फोटो राहू द्या. बाळ खरोखरच पिवळे नाही ना? बल्ब बंद करून उजेडात पाहा आणि शंका वाटली तर डॉक्टरांना दाखवा. या दिवसांत कावीळ होते.

पासपोर्टप्रश्न: पासपोर्टसाठी पार्श्वभूमी पांढरी आणि बाळाचे डोळे उघडे हवेत, हे ध्यानात ठेवावे.

पेठेतला_बाबा: पासपोर्ट कोणी काढतो आहे? आजी, डॉक्टरांनी कालच तपासले, कावीळ नाही. बल्ब बंद करताच पिवळेपणा गेला. आज दहा वाजता मेव्हण्याला बटण दाबायला बसवले: ॲपर्चर ५.६, शटर १/१२५ सेकंद, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ३२००. दूध पिऊन बाळ झोपले होते, कुंचीची नाडी मुठीत घट्ट धरलेली. तिघेही स्पष्ट आलो, फक्त माझ्या खांद्यावर दुधाचा ओला डाग दिसतो आहे. तो फोटोतून कसा काढावा? छापणारा पाचपर्यंतच थांबेल.

छायाप्रकाश: कोणते सॉफ्टवेअर वापरता, हे पुन्हा लिहिलेले नाही.