वाचनालयाचं संकेतस्थळ : पान किती रुंद धरू?

अक्षरजुळणी (प्रश्न)

नमस्कार. मिरजेत बावीस वर्षं डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, अधूनमधून एखादा दिवाळी अंक. आमच्याकडे आधी कागद ठरतो, डेमी की क्राऊन की ए-४, आणि मग कामाला हात लागतो. सध्या एका सार्वजनिक वाचनालयाचं संकेतस्थळ करून देते आहे. पैसे घेणार नाही, मी त्याच वाचनालयात बसून शिकले. मुख्य भाग पुस्तकसूचीचा. तक्त्यात सहा रकाने : दाखल क्रमांक, नाव, लेखक, प्रकाशक, वर्गांक आणि शेवटी पुस्तक आत आहे की बाहेर गेलंय.

माझा मॉनिटर २४ इंची, १९२० × १०८०. पान १२०० पिक्सेल रुंद धरलं, माझ्याकडे नीटनेटकं दिसलं. परवा वाचनालयात उघडलं. देवघेवीच्या टेबलावर जुना १७ इंची चौकोनी मॉनिटर, १०२४ × ७६८ वर लावलेला. शेवटचा रकाना पडद्याबाहेर! लोक बघणार तोच तर रकाना. अक्षरंही पुसट, रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळलेले. ग्रंथपाल मॅडमनी मोबाइलवर बघितलं तर सगळं मुंगीएवढं. फार वाईट वाटलं.

पान १०२४ ला धरू, १३६६ ला की १९२० ला? आणि काम करताना माझा स्क्रीनही त्याच मापावर लावू का?

नदीकाठ

ताई, दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. तुमचा स्क्रीन आहे तसाच १९२० × १०८० वर राहू द्या. लहान माप बघायचं तर ब्राउझरची खिडकी अरुंद करा. फायरफॉक्समध्ये कंट्रोल-शिफ्ट-एम दाबलं की हवी ती रुंदी आकड्यात टाकता येते. क्रोममध्ये आधी एफ-१२, मग तेच.

वाचनालयातल्या पुसट अक्षरांत तुमच्या पानाचा दोष नाही. १७ इंची चौकोनी एलसीडी बहुतेक १२८० × १०२४ ची असते, तिच्यात ठिपके (पिक्सेल) तेवढेच बसवलेले. तिला १०२४ × ७६८ वर लावलं की प्रत्येक ठिपका आडवा सव्वापट आणि उभा एक-तृतीयांशाने जास्त ताणावा लागतो. अर्धा ठिपका पेटवता येत नाही, मग कडा धूसर करून वेळ मारून नेली जाते. शिरोरेघ कुठे जाड, कुठे बारीक दिसते ती त्यामुळेच. जुन्या काचेच्या मोठ्या मॉनिटरला असा पक्का ठिपका नव्हता, म्हणून तिथे कुठलंही माप खपून जायचं.

कुणीतरी अक्षर मोठं दिसावं म्हणून ते माप लावलं असणार. १२८० × १०२४ करा आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये स्केल १२५ टक्के ठेवा. अक्षर मोठंच राहील, पण स्वच्छ दिसेल.

चौकट_मोडणारा

आता पहिला प्रश्न. तिन्हींपैकी एकही धरू नका.

खोक्यावर छापलेला आकडा आणि पानाला मिळणारी रुंदी वेगळी असते. वर सांगितलेल्या मॉनिटरवर १२५ टक्के स्केल लावलं की पानाला १२८० नाही, १०२४ मिळतात. १५.६ इंची लॅपटॉप १९२० चा असला, तरी १५० टक्क्यांवर पानाच्या वाट्याला १२८० × ७२० येतात. मोबाइल १०८० × २४०० चा आणि प्रमाण तीन असेल, म्हणजे पानाच्या एका पिक्सेलच्या रुंदीला पडद्याचे तीन ठिपके लागत असतील, तर पानाला फक्त ३६० रुंदी. आजोबांनी चष्मा नाही म्हणून ब्राउझरमध्ये २०० टक्के झूम केलं की १२८० चे ६४० होतात. म्हणजे मोबाइल आणि झूम ही पानाच्या दृष्टीने एकच गोष्ट. २०१८ च्या डब्ल्यूसीएजी २.१ या सुगम्यतेच्या नियमांत ३२० रुंदीला मजकूर आडवा न सरकवता वाचता यावा असं आहे. ते ३२० म्हणजे १२८० च्या खिडकीला ४०० टक्के झूम.

मुंगीएवढ्या अक्षरांचं कारण : व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग, म्हणजे फोनच्या रुंदीप्रमाणे पान मांड असं सांगणारी कोडमधली ओळ, राहिलाय. तो नसला की फोन पान साधारण ९८० रुंद समजून मांडतो आणि आक्रसून दाखवतो. टॅग टाका, १२०० काढा.

मजकुराच्या रकान्याला कमाल रुंदी 'एम'मध्ये, म्हणजे अक्षराच्या आकाराच्या पटीत, द्या. खिळे जुळवणाऱ्यांचंच माप आहे हे, तुम्हाला सांगायला नको. ओळीत दहा-बारा शब्द बसले की पुरे. ओळींतलं अंतर अक्षराच्या पावणेदोनपट ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीवर आदळतो.

तक्ता मात्र अवघड. सहा रकाने ३६० मध्ये बसणार नाहीत. अरुंद रुंदीला प्रत्येक पुस्तकाची ओळ कार्डासारखी मोडा, जुन्या लाकडी खणांतल्या तालिकापत्रासारखी : वर नाव, खाली लेखक, बाजूला उपलब्धता.

सांजवारा

खिडकी अरुंद करून सगळं कळतं, हे मला पटत नाही. मी दोन शाळांची पानं केली आहेत. १३६६ × ७६८ च्या लॅपटॉपवर ब्राउझरच्या पट्ट्या आणि टास्कबार जाऊन उंची साडेसहाशेच्या आसपास उरते. माझा वर चिकटून राहणारा मथळा त्यातला तिसरा भाग खायचा, आणि माझ्या मोठ्या स्क्रीनवर ते कधी जाणवलंच नव्हतं. ताई, देवघेवीच्या त्याच टेबलावर एक दुपार बसा. तिथे पुस्तक शोधणाऱ्या बाईंच्या खांद्यामागे उभं राहून बघा.

अक्षरजुळणी

काल दुपारी तिथेच बसले होते. मॉनिटर खरंच १२८० × १०२४ चा निघाला. स्केल १२५ केल्यावर मॅडम म्हणाल्या, "अगं, माझा चष्मा बदलला की काय!" मेटा टॅग टाकला, १२०० काढलं, मोबाइलवर कार्डं येतात.

सांजवारा, तुमचंही पटलं. तासाभरात नऊ जण आले, एकानेही दाखल क्रमांक विचारला नाही. सगळ्यांचा प्रश्न एकच, "आहे का आत?" म्हणून तो रकाना उचलून नावाच्या लगेच शेजारी आणला. दाखल क्रमांक सगळ्यात शेवटी गेला, कार्डावर तर दिसतच नाही. मॅडमना तो शिक्का मारताना लागतो, त्यांच्यासाठी कार्डावर बोट ठेवलं की उघडेल असं करते आहे.